मोटर बंद केल्यावर

“…मग पहिलंच घ्यायचं, तर मोठंच का घेऊ नये, सर?”

ऋजुताचा प्रश्न संपला तरी कॅप्टन तुस्कानोंनी मान वर केली नाही. मिठागराच्या बांधावर बसून ते हेलिकॉप्टरच्या एका सुट्या पात्यावरून बोट फिरवत होते. डोळे मिटून.

वसईच्या पूर्वेचं हे मिठागर केव्हाच बंद पडलेलं. जिथे मीठ पिकायचं तिथे आता नुसती तडकलेली, पांढुरकी जमीन. नजर पोचेल तिथवर झाड नाही, तार नाही. एका कोपऱ्यात भरतीचं पाणी साचलेलं, त्यात शेकाट्या पक्षी लांब पाय उचलत फिरताहेत. रविवारी पहाटेची चर्चमधली मिस्सा आटोपली की कॅप्टन स्कूटरवर पेट्या बांधून इथे येत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं चालवली होती. आता ही चालवत, रिमोटची.

ऋजुता सबनीस ठाण्याहून आली होती. ड्रोन उडवणं हा तिचा पेशा. डोंगर मोजायचा असो की नवा रस्ता आखायचा असो, कंत्राटदार आधी तिला फोन करत. भर वाऱ्यात, खाडीवर एक मोटर बंद पडलेला ड्रोन तिने सुखरूप परत आणला होता. हे तिने कॅप्टनना आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

तिला आता हेलिकॉप्टर हवं होतं. मुलांच्या खेळण्यातलं नव्हे, कलेक्टिव्ह पिचचं.

खेळण्यातलं हेलिकॉप्टर वर जायला पाती जोरात फिरवतं. यातली पाती मात्र एकाच वेगाने फिरत राहतात. हातातल्या रिमोटवरची दांडी जराशी सरकवली की सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलतो, आणि यंत्र त्याच क्षणी उसळतं, नाहीतर कोसळतं. कोन उलटा केला तर पोट आभाळाकडे करूनही उडतं. ड्रोनवर कंटाळलेल्या माणसाला याचं वेड लागतं, तसं तिलाही लागलं होतं.

महिनोन्‌महिने तिने वाचलं होतं, व्हिडिओ पाहिले होते. पुण्याच्या एका दुकानदाराने तिच्यासाठी एक मोठं हेलिकॉप्टर बाजूला काढूनही ठेवलं होतं; हाताएवढी लांब पाती असलेलं. कुणीतरी तिला कॅप्टनचं नाव सांगितलं, म्हणून घेण्याआधी ती भेटायला आली. खरं सांगायचं तर तिला सल्ला नको होता. होकार हवा होता.

मोठं यंत्र लांबूनही नीट दिसतं, वाऱ्याने ढकललं जात नाही, लहानापेक्षा स्थिर असतं, असं तिने एका दमात सांगून टाकलं. कॅप्टननी डोळे उघडले आणि हे सगळं खरं असल्याचं सांगितलं.

मग त्यांनी लहान पेटीतून एक हेलिकॉप्टर काढलं आणि जमिनीवर ठेवलं. वीतभराहून थोडं मोठं. शेपटीला चिकटपट्टी गुंडाळलेली. वरचं कवच इतकं खरवडलेलं, की मूळचा रंग कळू नये.

त्यांनी रिमोट तिच्या हातात दिला.

“उडव.”

ऋजुताला हसू आलं. तिने ते लपवलंही नाही.

हेलिकॉप्टर उचललं गेलं आणि लगेच डावीकडे कललं. तिने सावरलं, तर ते उजवीकडे गेलं, आधीपेक्षा जास्त. पुन्हा सावरलं. आता ते तिच्याच दिशेने येऊ लागलं, तशी तिने इतक्या वर्षांच्या सवयीने जे करायचं तेच केलं. दांड्या सोडून दिल्या.

ड्रोन असता, तर जागच्या जागी थांबला असता.

हेलिकॉप्टर थांबलं नाही. ते कुशीवर जमिनीला धडकलं, पात्याचे तुकडे उडाले, पक्षी ओरडत उठले.

कॅप्टननी खिशातून नव्या पात्यांची जोडी काढली, एक छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि दोन्ही तिच्यापुढे धरली. पाती कशी बसवायची हे सांगितलंसुद्धा नाही. तिने शोधून शोधून बसवली. पुन्हा उडवलं. पुन्हा तेच. या खेपेला शेपटीही वाकली.

ऋजुताचे कान तापले. ती म्हणाली की दोष तिच्या हाताचा नाही, यंत्राचा आहे. एवढंसं यंत्र चंचल असणारच. कॅप्टननी तेही मान्य केलं. लहान यंत्र चंचलच असतं, म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता आणि तेच तिला जास्त लागलं.

मग त्यांनी मोठी पेटी उघडली.

फोटोत पाहणं वेगळं. पात्यांच्या त्या काळ्या, लांब कडा तिने इतक्या जवळून कधी पाहिल्या नव्हत्या. कॅप्टन म्हणाले की गेल्या पावसाळ्यात घरात बसून त्यांनी एकेक भाग जोडून ते बनवलं आहे. त्यांनी तिला बरंच मागे नेऊन उभं केलं. मोटर सुरू झाली. आधी घरघर, मग गुणगुण, मग पोटात जाणवणारा एक खोल सूर. पाती दिसेनाशी झाली. उरली फक्त एक फिकट चकती.

ते उचललं गेलं. दूर गेलं, वळलं आणि हवेतच पालथं झालं.

आणि तसंच राहिलं.

पोट आभाळाकडे, पाती जमिनीकडे. हलत नव्हतं, डुलत नव्हतं. जणू कुणी आभाळाला खिळा ठोकून ते टांगलं होतं. खाली साचलेल्या पाण्यावर त्याच्या वाऱ्याने गोल गोल वलयं उमटत होती. कॅप्टनच्या बोटांकडे पाहिलं तर ती हलताहेत की नाही तेही कळत नव्हतं.

ऋजुता नकळत एक पाऊल पुढे सरकली.

“हेच,” ती शेवटी हळूच म्हणाली. “मला हेच हवंय, सर.”

कॅप्टननी यंत्र सुलट केलं आणि वर नेऊ लागले. वर, आणखी वर. ते मिठागराच्या मधोमध, पार एखाद्या घारीएवढं दिसू लागलं, तेव्हा त्यांनी थांबवलं. मग नजर आभाळातून न काढता रिमोट जरासा तिच्याकडे कलता केला. त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा खटका होता.

त्यांनी तिला त्यावर बोट ठेवायला सांगितलं. तो ओढला की मोटर बंद होते, म्हणाले. तुला वाटेल तेव्हा ओढ.

“आणि मग?”

ऋजुताचं बोट खटक्यावर होतं. थंडगार, पिटुकला खटका. तिला वाटलं, ही परीक्षा आहे. ओढला तर नापास. मग वाटलं, नाही ओढला तर नापास. इतकी वर्षं आकाशात तिने एकच गोष्ट केली होती. पडू दिलं नव्हतं. सगळ्या मोटरी थांबलेला ड्रोन म्हणजे दगड, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि हे यंत्र या म्हाताऱ्याने एका अख्ख्या पावसाळ्यात जोडलेलं.

“नाही जमणार मला.”

“का?”

“पडेल.”

“हो,” कॅप्टन म्हणाले. “पडेल.”

रिमोट टुकटुक वाजू लागला. हा आवाज ती ओळखत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही. पण त्यांचे अंगठे होते तिथेच होते आणि हेलिकॉप्टर होतं तिथेच होतं.

“बॅटरी संपत आलीय, सर.”

“संपेल.”

“उतरवा ना.”

“तुझ्या हातात आहे.”

टुकटुक वाढली. या माणसाला घाई नव्हती. हा असाच उभा राहील, हे तिला अचानक स्वच्छ कळलं.

तिने खटका ओढला.

तो खोल सूर एकदम तुटला. मिठागरावर इतकी शांतता पसरली, की लांबच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. हेलिकॉप्टर सुटलं. आणि कॅप्टननी काय करावं? दांडी खाली ओढली. आपणच त्याला खाली ढकलत असावेत तशी. ऋजुताचा हात नकळत त्यांचं मनगट धरायला पुढे गेला आणि अर्ध्यावरच राहिला.

कारण शांतता आता शांतता राहिली नव्हती. वरून एक सळसळ येत होती. रेशमी कापड फाडावं तशी, जवळ जवळ येणारी. पाती फिरत होती. त्यांना फिरवणारं काहीच नव्हतं आणि ती आधीपेक्षाही वेगाने फिरत होती.

जमीन आली. हेलिकॉप्टरने नाक उचललं, जणू काही आठवलं म्हणून. कॅप्टननी दांडी वर घेतली; एवढीच, श्वास घ्यावा एवढी. पात्यांनी हवा धरली.

आणि ते यंत्र जमिनीवर उभं राहिलं. ना आदळलं, ना घसटलं. पांढऱ्या मातीचा एक पापुद्राही हलला नसेल.

पाती बराच वेळ फिरत राहिली. हळूहळू वेगवेगळी दिसू लागली. मग एकेक जाताना मोजता येईल इतकी संथ झाली. मग थांबली.

ऋजुता बांधावर बसली. तिच्या हातांवर काटा उभा राहिला होता. ती तो बघत बसली, दुसऱ्याच कुणाचे हात असावेत तशी.

मग तिने विचारलं, हे कधी खरं केलंत का. म्हणजे, खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये.

कॅप्टन बॅटरी काढत होते.

“एकदा.”

“आत माणसं होती?”

“होती.”

त्यांनी बॅटरी कापडात गुंडाळून पेटीत ठेवली. “त्यातल्या एकाच्या नातीचा बाप्तिस्मा झाला परवा,” ते म्हणाले. “जाऊन आलो. केक बरा होता.”

समुद्र या मिठागरावरून दिसत नाही. तरी ती त्या दिशेला पाहत राहिली.

मग ऋजुता उठली. मोठ्या यंत्राजवळून गेली, थांबली नाही. लहान हेलिकॉप्टर मांडीवर घेऊन तिने वाकलेली शेपटी बोटांनी सरळ केली आणि कॅप्टनपुढे हात पसरला. त्यांनी पात्यांची जोडी दिली. पुण्याच्या दुकानदाराला तिने तिथूनच निरोप धाडला, की मोठं हेलिकॉप्टर दुसऱ्या कुणाला द्या, माझ्यासाठी तुमच्याकडचं सगळ्यात लहान काढा, आणि पाती जास्तीची द्या.

कॅप्टननी ऐकलं. शाबास म्हणाले नाहीत, चुकलीस असंही नाही.

उरलेली सकाळ तिने ते चिंधीसारखं यंत्र पाडण्यात घालवली. पाडलं, बसवलं, उचललं, पाडलं. एकदा मात्र ते कललं तेव्हा तिच्या बोटांनी दांड्या सोडल्या नाहीत. हेलिकॉप्टर तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर क्षणभर थबकलं. थरथरत होतं, पण होतं. मग ते पडलं आणि ती मोठ्याने हसली.

ऊन चढलं. वारा सुटला. कॅप्टननी पेट्या स्कूटरला बांधल्या, दोरी ओढून पाहिली, टोपी घातली.

ऋजुता अजून त्या मोठ्या पेटीकडे बघत होती. तिला एक गोष्ट काही केल्या समजत नव्हती आणि घरी नेण्याइतकी ती लहान नव्हती.

“सर, मोटर तर मीच बंद केली होती.”

“हो.”

“मग पाती फिरत होती ती कशाच्या जोरावर?”

कॅप्टननी स्कूटरला किक मारली. इंजिन सुरू झालं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट.

“पडण्याच्या.”