पाठ फिरवून बसलेले पंतोजी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. माणेखारला तेव्हा रस्ता नव्हता. यायचं तर खाडीतून होडीनं यायचं, आणि जायचं तरी होडीनंच. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे भाताची खाचरं नि माडांच्या वाड्या. एवढ्याशा गावात शाळा मात्र होती. शाळा म्हणजे नारो खोतांच्या घराची पडवी. त्या पडवीत विसाजीपंत पंतोजी पोरांना शिकवत.

विसाजीपंत अंगानं काडीसारखे, पण आवाज असा की त्यांनी पाढा म्हणायला घेतला की वाडीतले कावळे उडून जात. पोरांकडे लाकडी पाट्या असत. पाटीवर विटेची बारीक पूड पसरायची, काडीनं अक्षर काढायचं, पाटी हलवली की अक्षर पुसलं. असं म्हणतात की पंतोजींनी धुळीत काढलेला 'श्री' इतका देखणा असे की तो पुसायला पोरांचा हात धजावत नसे.

पण माणूस कडक. निगडीची छडी कायम मांडीशी. कुणी उशिरा आलं आणि म्हणालं, होडी मिळाली नाही, तर पंतोजी म्हणत, "पोहत यायचं होतं!" सणवार असो, पाऊसपाणी असो, त्यांच्या शाळेला खाडा नाही. फक्त अवसेला, प्रतिपदेला आणि अष्टमीला ते अक्षराला शिवत नसत. तो त्यांचा अनध्याय. "या तिथींना शिकवलं तर विद्या नासते," असं त्यांच्या गुरूंनी सांगितलं होतं, आणि पंतोजींनी ते जन्मभर पाळलं.

गावात तेल्यांची काही घरं होती. हे तेली इतर तेल्यांसारखे नव्हते. त्यांचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. फार पूर्वी कधीतरी एक गलबत खडकावर फुटलं, त्यातून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले, असं ते सांगत. मूर्ती त्यांच्या घरात नसे. बोलणं आपल्यासारखं, नेसणं आपल्यासारखं, पण शुक्रवारी सूर्य टेकला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ते कुठल्या कामाला हात लावत नसत.

त्यांतल्या बन्नाजी तेल्यानं आपल्या मुलाला शाळेत घातलं. मुलाचं नाव एलोजी. घरात एलू. डोळे टपोरे, बोलणं कमी. धूळपाटीवर त्याचा हात असा वळे की पंतोजी मनातल्या मनात खूश होत. तोंडानं मात्र म्हणत, "काना सरळ काढ. वाकडा काना म्हणजे वाकडा माणूस."

पहिले काही शनिवार एलू शाळेत आलाच नाही. मग पंतोजींनी बन्नाजीला निरोप धाडला, "शनिवारी खोत स्वतः पोरांची अक्षरं बघायला येतात. मुलगा हजर पाहिजे."

एलू आला. नारो खोत झोपाळ्यावर बसले होते. सगळ्या पोरांनी आठवड्याचा धडा लिहायला घेतला. एलू मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"का रे, लिहीत का नाहीस?" पंतोजींनी विचारलं.

"आज शनवार, पंतोजी. आज बोट चालवायचं नसतं."

झोपाळा थांबला. खोत हसले आणि म्हणाले, "वा पंतोजी! तुमच्या शाळेत तेल्याचं पोर तुम्हाला दिवस शिकवतंय."

पंतोजींच्या कानाची पाळी लाल झाली. त्यांनी छडी उचलली. छडी ओढूनही एलूनं काडी धरली नाही, तेव्हा पंतोजींनी त्याचं बोट आपल्या मुठीत धरलं आणि धुळीतून फिरवलं. पोरानं हात मागे ओढला नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी येत राहिलं. ते पाण्याचे थेंब पाटीवर पडले, विटेच्या पुडीचा चिखल झाला, आणि पंतोजींच्या हातून जन्मात पहिल्यांदा वाकडं अक्षर उमटलं.

दुसऱ्या दिवशी एलू आला नाही. तिसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा होती. खोतांचा गडी निरोप घेऊन आला, "पाहुण्यांचा मुलगा आलाय, त्याला जरा मुळाक्षरं दाखवा."

"आज अनध्याय," पंतोजी आतूनच म्हणाले. "आज जमायचं नाही म्हणून सांग."

गडी गेला. पंतोजींची बायको सगुणाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बरं झालं हो, खोतांनी तुमचं बोट धरून नाही लिहून घेतलं."

पंतोजी उठले. खुंटीवरचं उपरणं घेतलं आणि सरळ तेलआळीत गेले.

बन्नाजीचा घाणा चालू होता. पंतोजींना बघून त्यानं बैल थांबवला आणि हात जोडले. "पंतोजी, पोराचं चुकलं असेल तर पदरात घ्या. पण आमच्यात त्या दिवशी चूल पेटत नाही, घाणा फिरत नाही. बापजाद्यांपासून असं आहे. दुसरं आमच्याजवळ काय उरलंय?"

"आणि बैल?" पंतोजींनी विचारलं. "तो तरी दुसऱ्याच्या घाण्याला देत असशील?"

"नाही जी. बैलालाही शनवार."

पंतोजी बैलाकडे बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, "बैलाला मिळतं ते मी लेकराला दिलं नाही, बन्नाजी."

एलू आतल्या दाराआड उभा होता. पंतोजींनी त्याला हाक मारली आणि ते उकिडवे बसले, म्हणजे दोघांचे डोळे एका उंचीवर आले. "शनिवारी तुझ्या बोटाला सुटी," ते म्हणाले. "पण कानाला आहे का रे शनवार?"

एलूनं बापाकडे पाहिलं. बन्नाजीनं मान हलवली. "कानाला नाही," एलू म्हणाला.

"मग ये आणि ऐक."

पुढच्या शनिवारी एलू मांडीवर हात ठेवून बसला, आणि पंतोजींनी त्याला काही म्हटलं नाही. लगेच दुसऱ्या पोरांना अक्कल फुटली. होडीवाल्या हिराजी कोळ्याचा पोरगा उभा राहून म्हणाला, "पंतोजी, सतराच्या पुढचे पाढे आमच्या देवाला चालत नाहीत." पंतोजी त्याला घेऊन तस्से त्याच्या घरी गेले आणि त्याच्या आईला विचारलं, "बाई, हा कुठला देव?" आईनं हातातली सुकी मासळी खाली ठेवली आणि त्या देवाचा पत्ता पोराच्या पाठीवर सांगितला. असं म्हणतात, त्यानंतर खोटा नेम सांगायला माणेखारात कुणी उठलं नाही.

खोतांना मात्र हे रुचलं नाही. ते वाईट नव्हते. पण त्यांना वाटे, एक दोरा सैल सोडला की सगळं कापड उसवतं. ते म्हणाले, "पंतोजी, सगळ्यांना एक नियम हवा. आज हा, उद्या तो. शाळा राहील का?"

"खोत, प्रतिपदेला मी काडी धरत नाही. तुम्ही मला कधी धरायला लावलीत?"

"तुमची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? माझा नेम मला माझ्या गुरूंनी दिला, त्याचा त्याला त्याच्या बापानं. माझा मोठा आणि त्याचा धाकटा, हे मला कुठल्या मापानं मोजता येईना."

खोत उठून उभे राहिले. "मग हे माप माझ्या पडवीत चालायचं नाही."

पंतोजींचं राहतं घरही खोतांच्याच जागेत होतं. त्याच संध्याकाळी सगुणाबाईंनी डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेतलं, पंतोजींनी देव घेतले, आणि दोघं मारुतीच्या देवळामागच्या पडक्या झोपडीत आली. छपरातून आभाळ दिसत होतं. पंतोजींचं वय झालं होतं. पलीकडच्या गावात कुणी विचारेल अशी आशा नव्हती. "मी चुकलो तर नाही ना?" त्यांनी विचारलं. सगुणाबाई म्हणाल्या, "चुकला होतात तो शनिवार वेगळा." आणि त्यांनी चूल मांडली.

शाळा आता समुद्रावर भरू लागली. ओहोटी लागली की ओली वाळू उघडी पडे, तीच पाटी. पहिल्या दिवशी एलू आणि हिराजी कोळ्याचा पोरगा एवढेच आले. मग एकेक करून बाकीचे आले. कुणाची आई मूठभर तांदूळ देई, कुणी नारळ. शेवटी शेवटी खोतांचा नातू दामूही घरी न सांगता येऊ लागला. खोतांच्या पडवीत नुसता झोपाळा उरला.

अशातच एक शुक्रवार आला. दुसऱ्या दिवशी अवस होती. संध्याकाळी ओहोटीचं पाणी लांब गेलेलं. पंतोजी म्हणाले, "आज प्रत्येकानं आपलं नाव लिहा. हातभर मोठं. उद्या अवस, परवा प्रतिपदा, दोन दिवस आपली गाठ नाही."

पोरं वाळूत वाकली. एलूनं सावकाश, सुबक अक्षरांत लिहायला घेतलं. ए काढला. लो काढला. पंतोजींचं लक्ष मात्र पोरांकडे नव्हतं, सूर्याकडे होतं. सूर्याची कड पाण्याला लागली तसे ते म्हणाले, "एलू, सूर्य टेकला. ठेव काडी."

"एकच अक्षर राहिलंय, पंतोजी."

"राहू दे. तुझा शनवार लागला."

एलूनं काडी ठेवली. नाव अर्धंच राहिलं. दामू म्हणाला, "भरती येईल आणि पुसून जाईल." एलूच्या तोंडावर पडलेली छाया पंतोजींनी बघितली, आणि जाता जाता ते समुद्राकडे वळून म्हणाले, "बाबा, पोराचं नाव पुरं व्हायचंय. बघ काय ते." असं सगुणाबाई सांगत. त्या तिथंच होत्या.

अवसेचं उधाण ते. पाणी बांधाला लागायचं. पण शनिवारी सकाळी बाया शिंपल्या वेचायला गेल्या, तर वाळूवर सगळी नावं जशीच्या तशी. भरती येऊन गेल्याच्या खुणा दोन्ही अंगांना, मधे नावं कोरडी. दुपारी पुन्हा भरती आली. माणसं बांधावर उभी राहून बघत होती. असं म्हणतात, लाट यायची, नावांपाशी दबकायची आणि उजवी-डावीकडून निघून जायची, जशी झोपलेल्या मुलाला वळसा घालून आई जाते. हिराजी कोळी म्हणाला, "आज दर्यानं बी शनवार धरलाय!"

नारो खोतही आले. ओहोटी लागल्यावर ते वाळूत उतरले. कुणाचं नाव पायाखाली येऊ नये म्हणून धोतर सावरत, कडेकडेनं चालले. आपल्या नातवाचं नाव त्यांनी वाचलं. पुढे ते अर्धं नाव वाचलं. तिथं ते बराच वेळ उभे राहिले.

अंधारलं. चांदण्या दिसू लागल्या. बन्नाजीनं आभाळाकडे पाहिलं आणि एलूला म्हणाला, "जा, बाळा."

तेवढ्यात खोत म्हणाले, "पण पंतोजी, आज अवस. तुमचा अनध्याय. तुमच्यासमोर पोरानं अक्षर काढायचं कसं?" टोचून नाही विचारलं. खरंच विचारलं.

सगळं गाव पंतोजींकडे बघू लागलं. पंतोजींनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "अनध्याय माझा आहे, खोत. त्याचा नाही."

आणि ते खाली वाळूत बसले, पोराकडे पाठ फिरवून. तोंड गावाकडे, हात मांडीवर, जसा एलू शनिवारी बसायचा तसे.

एलूनं मशालीच्या उजेडात शेवटचं अक्षर काढलं. जी. काना इतका सरळ की काय सांगावं. पंतोजींनी तो बघितला नाही.

"झालं, पंतोजी," एलू म्हणाला.

"सरळ आलाय ना?"

उत्तर खोतांनी दिलं. "सरळ आलाय." मग म्हणाले, "पंतोजी, पडवी झाडून ठेवलीय."

रविवारी सकाळी वाळू स्वच्छ होती. एकही नाव नव्हतं.

शाळा पडवीत परत आली. पण शनिवारी कुणीच लिहायचं नाही असं पंतोजींनी ठरवलं, म्हणजे एकटा एलू वेगळा दिसायला नको. त्या दिवशी पाढे, श्लोक, गोष्टी, सगळं तोंडानं. एलोजी पुढे पलटणीत गेला, मोठा झाला, आणि दर सुटीत येऊन आधी पंतोजींच्या पाया पडे, मग घरी जाई. विसाजीपंत म्हातारपणी गेले तेव्हा त्यांना पोचवायला तेलआळी आली, कोळीवाडा आला, खोतांचं घर आलं. काही जण सांगतात की त्या दिवशी समुद्र बांधापर्यंत आला आणि न आवाज करता परत गेला. मी तेवढं ऐकलं आहे, बघितलेलं नाही.

आता माणेखारला रस्ता झालाय. पडवीच्या जागी कौलारू शाळा आहे, गुरुजी आहेत, बाई आहेत. शनवार तेल्यांची घरं एकेक करून जहाजानं दूर देशी गेली. तरीही त्या शाळेत शनिवारी वही उघडत नाहीत. आणि एखादं मूल उठून म्हणालं, "हे आमच्या घरी चालत नाही," चित्र असो, गाणं असो, अंड्याचा प्रयोग असो, तर गुरुजी कारण विचारत बसत नाहीत. आपली खुर्ची फिरवतात आणि वर्गाकडे पाठ करून थोडा वेळ बसतात. पोराला जे करायचं नाही ते बाजूला ठेवायला तेवढा वेळ पुरतो. याला गावात 'पंतोजींची पाठ' म्हणतात.

बदली होऊन आलेल्या एका तरुण बाईंनी पहिल्याच शनिवारी विचारलं होतं, "पण आता गावात तेल्यांचं एकही घर नाही. हे कुणासाठी चालू ठेवायचं?"

शाळेत भात शिजवणारी कोळीण म्हातारी दारातच बसली होती. ती म्हणाली, "येईल की कुणीतरी, बाई."

बाईंनी उघडलेली वही मिटली, आणि पोरांनी पाढे सुरू केले.