रिकाम्या पळीचा आग्रह

एकदा नदीकाठच्या एका मठात मोठी विलक्षण पंगत बसली. विलक्षण का, ते सांगतोच. पण आधी वाढप्याची ओळख करून घ्या. नरहरी हा मठातला शिष्य. वेदांतात जेमतेम, पण आग्रहात पटाईत! तो पळी घेऊन पंगतीत उतरला की भलेभले हात टेकत. पाहुणा तृप्त झाला की त्याला आपलंच पोट भरल्यासारखं वाटे.

भिकूशेठ हे बाजारपेठेतले तेलाचे व्यापारी. पत्नी निवर्तल्यापासून ते रोज दुपारी मठात जेवायला येत, आणि काय सांगावं, जेवत म्हणजे किती जेवत! पंगत उठायची वेळ झाली तरी यांचं चालूच. अंगावर सूज आली, पायऱ्या चढताना धाप लागू लागली. वैद्यांनी निक्षून बजावलं, "शेठ, हा हावरेपणा सोडा, नाहीतर पुढची दिवाळी काही तुम्हाला दिसत नाही." शेठ मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पानावर हजर.

नरहरीचा जीव तुटे. वाढावं तर आजार बळावणार, न वाढावं तर दारी आलेल्याचा अपमान. शेवटी तो रडवेला होऊन गुरुजींकडे गेला.

"या माणसाला मीच मारतोय, गुरुजी. उद्यापासून मला वाढायला सांगू नका."

गुरुजी वृद्ध आणि मितभाषी. म्हणाले, "उद्याही तूच वाढायचंस. पहिल्यांदा सगळ्यांसारखंच वाढ. नंतर मात्र खिरीचं रिकामं पातेलं घेऊन जा आणि शेठना नेहमीसारखा आग्रह कर."

"रिकामं?" नरहरी चपापला. पंगतीत 'संपलं' हा शब्दसुद्धा काढायचा नाही असा मठाचा दंडक, आणि पाहुण्यापुढे रिकामं भांडं न्यायचं! "गुरुजी, चारचौघांत थट्टा होईल हो त्यांची."

"होऊ दे. तू जा तर खरा."

दुसऱ्या दिवशी शेठनी वाटीतली खीर संपवली आणि ते वाट पाहत बसले. नरहरी त्यांच्यापुढे वाकला. पातेल्याचा तळ शेठना स्वच्छ दिसत होता. नरहरीची कानशिलं तापली, तरी तो म्हणाला, "घ्या ना शेठ, एवढीशी. माझ्यासाठी घ्या. काही जेवलाच नाहीत आज." आणि रिकामी पळी त्याने वाटीत उलटी केली. आजूबाजूचे खो खो हसू लागले.

शेठ रागावले नाहीत. त्यांनी वाटीवर आडवा हात धरला. "नको रे, पुरे झालं," ते म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, "पण आणखी एकदा म्हण ना." आणि भर पंगतीत त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

नरहरी पातेल्यासकट धावतच गुरुजींकडे आला. गुरुजी म्हणाले, "पोटाची भूक चार घासांत भागते, नरहरी. पण यांच्या घरी 'आणखी घ्या' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. इथे वाटी रिकामी केली की तू येतोस, वाकतोस, आर्जव करतोस. म्हणून बिचारे वाटी रिकामी करत राहिले. वैद्यांनी त्याला हावरेपणा म्हटलं, तू अन्नदान म्हटलंस. ते उपाशी कशासाठी आहेत, हे कुणी पाहिलंच नाही."

"मग मी काय रोज रिकामं पातेलं मिरवत राहू?"

"पातेलं ठेव की खाली," गुरुजी म्हणाले.

नरहरी पंगतीत परतला. मग त्याने पातेलं भिंतीशी ठेवलं आणि शेठच्या शेजारी मांडी घालून बसला.

"शेठ, शेठाणीबाईंचं नाव काय होतं हो?"

बायकोचं नाव घ्यायची शेठना कुठली सवय! ते अडखळले, लाजलेसुद्धा. "सगुणा," ते म्हणाले. "सारखी वाढत राहायची. मी वैतागायचो रे तिच्यावर." आणि मग ते बोलतच राहिले. पंगत उठली, झाडलोट झाली, उष्टे हात वाळून गेले, तरी दोघे तिथेच. पानात अर्धी पोळी तशीच पडून होती आणि शेठचं तिकडे लक्षही नव्हतं.

आपल्या घरातही कुणी भूक नसताना डबे धुंडाळत असेल, तर त्याला टोकण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसावं.