महाराजांकडे डोळे वटारून बघणारा इसम

"यात आम्ही नाहीच!" हैबतराव महाराज कडाडले आणि त्यांनी फोटो चौरंगावर आपटला.

फोटोत बाकी सगळं झकास उतरलं होतं. गादी होती, गालिचा होता, महाराजांच्या मागे अब्दागिरी धरून उभा असलेला सटवाजी तर मिशांच्या आकड्यांसकट आला होता. फक्त महाराजांच्या मानेवर डोक्याच्या जागी धूर होता! नीट निरखलं तर त्या धुरात दोन-तीन नाकं सापडत होती, पण ते तोंडानं बोलायची छाती कुणाची?

फोटो काढणारा पिकरिंगसाहेब थेट विलायतेहून आला होता. हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांचे फोटो जमवून त्यांचा आल्बम तिकडे न्यायचा, हे त्याचं काम. त्या काळचा कॅमेरा म्हणजे तीन पायांवर उभी केलेली पेटी. तिच्या डोळ्यावरचं झाकण काढून परत लावेपर्यंत माणसानं जरासुद्धा हलायचं नाही. आणि बोरगडचा रिवाज काय? दरबारी मंडळींनी मुजरा करायचा आणि महाराजांनी एकेकाला मान लववून तो घ्यायचा. झाकण निघालं आणि नेमके त्याच वेळी उशिरा आलेले सरदार रांगेनं वाकले! महाराजांची मान सवयीनं डुलत राहिली. धूर होईल नाहीतर काय?

"महाराज हलला," साहेब मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला.

"बोरगडचा महाराज कुणापुढं हलत नाही!"

साहेबानं पेटाऱ्यातून एक लोखंडी चिमटा काढला. मागून मान धरून ठेवायचा. सगळ्या दरबारानं जीभ चावली.

"आमची मान धरणार?" महाराजांचा चेहरा लालबुंद झाला. "जो मानेला हात लावील त्याचा हात जाईल! आणि 'हलू नका' असा हुकूम जो आम्हाला सोडील त्याची जीभ जाईल! आणि तरीही उद्या आमचा चेहरा स्वच्छ आला पाहिजे. विलायतेतले लोक या सटवाजीला राजा समजायचे! सटवाजी, उद्याचा फोटो बिघडला तर बोरगडच्या हद्दीत तू दिसायचं नाही!"

आता यात बिचाऱ्या सटवाजीचा काय गुन्हा? जन्मभर जसा उभा राहिला तसाच तो आजही निश्चल उभा होता. पण हैबतरावांचा हट्ट म्हणजे हट्ट.

दाराशी सटवाजीची लेक गिरजा उभी होती. वाड्यातल्या हंड्या, झुंबरं, आरसे पुसायचं काम तिच्याकडे. बापाचा उतरलेला चेहरा पाहून ती त्याच्या मागोमाग घरी निघाली.

घरी येऊन सटवाजी गाठोडं बांधायला लागला.

"आबा, ते आधी सोडा बघू," गिरजा म्हणाली.

"गिरजे, अगं हात लावायचा नाही, तोंडानं सांगायचं नाही, आणि राजा गप बसायला हवा. ब्रह्मदेवाच्या बापाला तरी जमेल का?"

"त्याला नसेल जमत. पण महाराजांना ज्या ठिकाणी मी रोज बघते, तिथं त्यानं कुठं बघितलंय?"

दुसऱ्या दिवशी वाड्याच्या चौकात गादी मांडली. गिरजेनं साहेबाला कोपऱ्यात गाठून खाणाखुणांनी काहीतरी समजावलं. साहेब आधी गोंधळला, मग खुदकन हसला. महाराज येऊन बसले, तशी ती पुढं झाली.

"सरकार, अभय असेल तर बोलते."

"बोल!"

"आपल्याच वाड्यात एक इसम आहे. आपल्याला मुजरा म्हणून करत नाही. उलट आपल्यापुढं येऊन डोळे वटारून बघतो!"

दिवाणजींनी कपाळाला हात लावला.

"आमच्याकडं? डोळे वटारून?" महाराज गरजले. "आत्ताच्या आत्ता उभा करा त्याला! बघू, आधी नजर कोण खाली घालतो ते!"

"जो आधी हलेल तो हरला, सरकार?"

"मंजूर! सगळ्या दरबारादेखत मंजूर!"

दोन हुजऱ्यांनी कापडानं झाकलेलं काहीतरी उचलून आणलं आणि कॅमेऱ्याला अगदी खेटून उभं केलं. गिरजेनं कापड ओढलं.

आरसा!

महाराज काय ते समजले. पण 'मंजूर' म्हणून बसले होते ना, तेही चारचौघांत! समोरचा इसम डोळे वटारून बघत होता. महाराजांनी आणखी वटारले. त्यानंही वटारले! महाराजांनी छाती फुगवली. त्यानंही फुगवली! मग मात्र दोघं जे थिजले ते थिजलेच. मुजऱ्याला वाकलेल्या सरदारांकडे महाराजांनी ढुंकूनही पाहिलं नाही. साहेबानं हळूच झाकण काढलं आणि परत लावलं.

"झाला, महाराज, झाला!"

महाराज जागचे हलेनात.

"आधी त्याला सांग," ते दातांतल्या दातांत पुटपुटले.

गिरजेनं झटकन आरशावर कापड टाकलं, तेव्हा कुठं महाराजांनी श्वास सोडला.

दुपारी फोटो कागदावर उतरून आला. काय तो रुबाब! डोळे असे की विलायतेतल्या लोकांनी आल्बमपुढं अदबीनं उभं राहावं. या खेपेला धूर झाला होता तो सटवाजीचा. गरीब बिचारा भीतीनं सारखा कापत होता.

"पोरी, पण जिंकलं कोण?" महाराजांनी विचारलं.

"बरोबरी झाली, सरकार. उभ्या बोरगडात आपल्या तोडीचा एकच निघाला!"

महाराज खो खो हसत सुटले. "सटवाजीची चाकरी कायम! आणि तुला काय हवं ते माग!"

"मला कालचा फोटो द्या."

महाराजांचं हसू थांबलं. "तो? धुराचा? तो आम्ही जाळणार आहोत!"

"जाळू नका, सरकार. माझे आबा त्यात किती छान आलेत! आम्हा गरिबांचा फोटो पुन्हा कोण काढणार? आणि आपलं त्यात काय जातंय? आपणच काल म्हणालात ना, यात आम्ही नाहीच!"

महाराज असे हसले, असे हसले, की पगडी घरंगळून मांडीवर आली!

"दिवाणजी, हिला तो फोटो द्या," डोळे पुसत ते म्हणाले. "आणि चांदीच्या चौकटीत बसवून द्या!"