पाठमोरी डोली

घाटमाथ्यावरच्या एका गावात अंताजीपंत नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहत होते. चाळीस वर्षे त्यांनी राजाचे धान्यकोठार सांभाळले होते. पोत्याची शिवण बघून आतला दाणा कुणी काढला ते ते सांगत, आणि दहांत नऊ वेळा ते खरे निघे. नोकरी सुटली, पण संशय काही सुटला नाही. दूधवाली आली की पंत तिच्या भांड्यात डोकावत. न्हावी दाढीला बसला की त्यांची नजर वस्तऱ्यावरून हलत नसे.

घाटाखाली कोकणात त्यांची थोरली बहीण अक्का राहत होती. तिच्याच कडेवर ते वाढले होते. एके दिवशी तिचा निरोप आला, "अंत्या, माझे डोळे चाललेत. वैद्य म्हणतो, पावसाळ्यापर्यंत पुरतील. दिसतंय तोवर येऊन जा. तुझं तोंड एकदा बघू दे."

निरोप ऐकून पंतांना रडू आले. बारा वर्षांत ते तिच्याकडे फिरकले नव्हते. गुडघ्यांना घाट झेपत नव्हता आणि डोलीवाल्यांवर विश्वास बसत नव्हता. आता मात्र जायलाच हवे होते.

वैशाखाच्या अखेरीस गोमा भोई आपले तीन सोबती घेऊन दाराशी आला. दोन लांब बांबूंच्या मधे वेताची खुर्ची बांधलेली, अशी त्यांची डोली होती. गोमाने पंतांना अलगद बसवले, पाठीशी घोंगडीची घडी ठेवली आणि कमरेभोवती पंचा गुंडाळून खुर्चीला घट्ट गाठ मारली. पंतांच्या मनात पाल चुकचुकली. माणसाला बांधतात ते कशासाठी, हे त्यांना चांगले ठाऊक होते. कोठारातले चोर त्यांनी असेच बांधले होते. डोली गावाबाहेर पडली तशी त्यांनी ती गाठ हळूच सैल करून ठेवली.

अर्ध्या कोसावर डोली थांबली. "पंत, जरा पाय मोकळे करा," गोमा म्हणाला. भोई तर दमलेले दिसत नव्हते. मग हे थांबले कुणासाठी? पंतांनी झाडीत नीट बघून घेतले. पुढे आणखी दोनदा तसेच झाले. मग पंतांनी डोळे मिटून झोपेचे सोंग घेतले आणि कान टवकारले.

"हळू चला रे," गोमा कुजबुजला, "डोळा लागलाय त्यांचा."

माझ्या झोपेची वाट बघतायत काय, असे मनात म्हणून पंतांनी मांडीवरचे गाठोडे पोटाशी धरले. त्यात बहिणीसाठी घेतलेले लुगडे होते.

दुपार कलायच्या आत ते घाटाच्या तोंडाशी आले. तिथे भोयांनी डोली खाली ठेवली आणि ती उलटी फिरवू लागले. आता मात्र पंत उखडले.

"हे काय चाललंय?"

"उतार लागला, पंत. आता तुमची पाठ दरीकडं ठेवायची. म्हाताऱ्या माणसाला असंच उतरवत्यात."

"म्हणजे मला रस्ता दिसायला नको!" पंत कडाडले. "मी तोंड पुढे करूनच बसणार. नाहीतर खाली उतरल्यावर ठाणेदाराला सांगून तुमची डोलीच बंद करतो!"

गोमाने हात जोडले, परोपरीने समजावले. पंत ऐकेनात. शेवटी गोमाने पंचाची गाठ पुन्हा आवळली, बांबूचे पुढचे टोक स्वतः खांद्यावर घेतले आणि देवाचे नाव घेऊन उतरायला लागला. त्याची पाठ वळताच पंतांनी गाठ पुन्हा सोडली. वेळ पडली तर पळता यायला हवे ना! ज्यांना धड चालता येत नव्हते, ते पळायच्या गोष्टी करत होते.

तिसऱ्या वळणावर पायऱ्या खोल होत्या. पुढचे भोई खाली उतरले तशी खुर्ची पुढे कलली आणि पंत तिच्यातून सरळ घसरले. गोमाने बांबू टाकून त्यांना आडवा हात घातला नसता, तर ते थेट दरीत गेले असते. गोमाचा खांदा निखळला. पंतांच्या मांडीचे हाड मोडले.

उरलेल्या तिघांनी त्यांना तसेच उचलून गावी परत आणले. वाटेत गोमा एका हाताने दुसरा हात धरून शेजारून चालत होता. "माझंच चुकलं," तो सारखा म्हणत होता. "मी तुमचं ऐकायला नको होतं." त्या बोलण्यात काही डाव आहे का, हे पंतांनी पहिल्यांदाच शोधले नाही. त्यांना फार लाज वाटली.

हाडवैद्याने फळ्या बांधल्या. मग पाऊस लागला आणि घाट बंद झाला. दसऱ्यानंतर पंत पुन्हा निघाले. डोली गोमाचीच होती. उतार आला तेव्हा पंत आपणहून म्हणाले, "फिरव बाबा." टेकून बसल्या बसल्या घाट कधी सरला ते त्यांना कळलेही नाही.

अक्का ओटीवर बसली होती. पंत पुढ्यात येऊन उभे राहिले, तरी ती फाटकाकडेच बघत राहिली.

"कोण आलंय?" तिने विचारले.

पंत तिच्या पायाशी बसले आणि त्यांनी काहीही न लपवता सगळे सांगितले.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "नवरी होऊन याच घाटानं उतरले ना मी, तेव्हा मलाही पाठमोरीच बसवली होती. म्हणून तर माहेर इतका वेळ दिसत राहिलं." मग तिने हात पुढे केले आणि भावाचा चेहरा बोटांनी चाचपू लागली. "ये, जवळ ये. बघू दे."

तात्पर्य: उतारवयात सावध जरूर असावे, पण जो आपल्याला सांभाळून नेतो त्याच्या रीतीवर विश्वास ठेवावा. संशयी माणूस साऱ्या वाटेवर नजर ठेवतो आणि जिथे वेळेवर पोहोचायचे तिथेच उशिरा पोहोचतो.