सगळ्यांचं नाव रत्नधर

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याच्या मते त्या राज्यात तेवढा एकच माणूस होता. बाकी सगळी नुसती गर्दी. हसू नकोस सानू, आधी पाय पांघरुणात घे. तर राजाचं नाव रत्नधर. दिसायला देखणा, बरं का, आणि आवाज असा खणखणीत की तो महालात शिंकला तर वेशीवरचे बैल दचकायचे. पण त्याला स्वतःचंच फार कौतुक. उठला की आरसा, जेवला की आरसा. नदीवर पाणी प्यायला वाकला, तर प्यायचं विसरून पाण्यात स्वतःलाच बघत बसायचा.

मग एकदा काय झालं, राजानं जात्यावरची गाणी ऐकली. कुणी भावाचं गात होती, कुणी माहेरच्या चिंचेचं. राजा म्हणाला, "यात मी कुठे आहे?" झालं! हुकूम सुटला, गाणी फक्त राजाची म्हणायची. बायका बिचाऱ्या काय करणार? राजाच्या नाकाचं गाणं, राजाच्या मिशीचं गाणं. मिशीच्या गाण्यावर काय हात चालणार, कपाळ! घरोघर जाडंभरडं पीठ पडायला लागलं.

मग त्यानं बखर मागवली. बखर म्हणजे राज्याची जुनी हकिकत. त्यात लिहिलं होतं, आजोबांनी तळं बांधलं, पणजोबांनी घाट फोडला. राजानं दुसरा हुकूम काढला, सगळी नावं खोडा आणि माझं घाला. आता घाट फोडला तेव्हा हा जन्मलासुद्धा नव्हता. पण सांगणार कोण? दरबारी माना डोलवत म्हणाले, "वा महाराज, जन्माआधीच केवढं काम!"

मग राजाला मुलगी झाली. बारसं ठरलं. राजाची मोठी बहीण सगुणाअक्का डोंगरातल्या गावाहून आली, कारण नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या बाळाच्या कानाशी वाकते, "कुर्रर्र" करते, हळूच कानात नाव सांगते, आणि मागच्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. तुझ्या आत्यानं परदेशातून फोनवर कुर्र केलं होतं. बुक्के मी फोनला घातले.

तर अक्कानं कुर्र केलं, बुक्के खाल्ले, आणि ती सगळ्यांना नाव सांगणार इतक्यात राजाच गरजला, "नाव रत्नधर!"

अक्का म्हणाली, "रत्नू, अरे मुलगी आहे ती."

"मग? याहून चांगलं नाव आहे का जगात?"

"बाळाला बाळाचं नाव असू दे की रे. तुझं तुला आहे ना?"

राजाला आला राग. तो म्हणाला, "अक्का, तू पुन्हा या घरात येऊ नकोस." अक्का घुगऱ्यासुद्धा न खाता डोळे पुसत निघून गेली. आणि राजानं तिसरा हुकूम काढला. राज्यातल्या सगळ्या पोरांचं नाव रत्नधर. मुलगा असो की मुलगी, तान्हं असो की शाळेत जाणारं.

मग काय तारांबळ उडाली म्हणून सांगू! आई दारातून हाक मारायची, "रत्नधर, जेवायला ये," की अख्खी आळी हात धुऊन पाटावर. पंतोजी म्हणायचे, "रत्नधर, उभा राहा," की सगळी शाळा उभी. आणि एक कासारीण रस्त्यात ओरडली, "रत्नधर, मेल्या, नाक पूस आधी!" तर शिपायांनी तिला धरूनच नेलं. ती म्हणाली, "अहो, मी माझ्या पोराला म्हणत होते!" राजा सज्जात उभा राहिला की खालून दिवसभर त्याला ऐकू यायचं, रत्नधरनं अंथरूण ओलं केलं, रत्नधरला उवा झाल्या. पण राजा खूश. नाव तर आपलंच घेतात ना!

म्हातारी माणसं मात्र हळहळायची. पूर्वी दिवेलागणीला हाका कशा यायच्या! गोदे, भिके, अगं ठमे, ए नाऱ्या. हाकेवरून कळायचं कुणाच्या घरी काय चाललंय. आमच्या गल्लीतही तसंच होतं गं. एकेक हाक आली की एकेक जण खेळातून गळायचं, आणि शेवटी ज्याला हाक आली नाही ते पोर रडवेलं व्हायचं. आता सगळे फोन लावतात. असो.

मग काही वर्षं गेली, आणि डोंगरावरच्या देवीची जत्रा आली. राजा राणीला आणि छोट्या राजकन्येला घेऊन गेला. भर दुपारी एकाएकी धुकं उतरलं. हाताला हात दिसेना. आणि राजकन्या एका करडामागे धावत गेली ती गेलीच. डोंगराच्या त्या अंगाला खोल कडा होता.

मग प्रधानानं हाक दिली, "रत्नधर!" तर धुक्यातून चहूकडून आवाज आले, "ओ! ओ! ओ!" जत्रेतली सगळी पोरं ओ देत होती. शिपाई इकडे पळाले, तिकडे पळाले. मग राणी ओरडली, "बाळा!" पुन्हा तेच, सगळीकडून ओ. मग ढोल वाजवले, तर मुलगी घाबरून आणखीच लांब जाईल, म्हणून ते थांबवले. राजकन्या काही ओ देईना. रत्नधर ही हाक आपली नसतेच, हे तिला जन्मापासून ठाऊक. ते बाबांचं नाव.

एवढा मोठा राजा, आणि त्याच्याजवळ स्वतःच्या लेकीला मारायला हाक नव्हती.

तेवढ्यात धुक्यातून चाचपडत अक्का पुढे आली; तिचं गाव त्याच डोंगरात, तीही जत्रेला आली होती. राजानं धावत जाऊन तिचे पाय धरले. "अक्का, बारशाला तू तिच्या कानात काय सांगितलं होतंस?"

अक्का म्हणाली, "तिचं नाव. आत्यानं कानात सांगितलेलं नाव कानातच राहतं, रत्नू. पण माझा म्हातारीचा आवाज कड्यापर्यंत पोचायचा नाही. तूच मार हाक."

मग अक्का राजाच्या कानाशी वाकली आणि तिनं "कुर्रर्र" केलं. मागच्या बायकांनी सवयीनं तिच्या पाठीत बुक्केही घातले. राजानं छाती भरून घेतली आणि हाक मारली, "रत्नधर!" जीभच वळेना गं त्याची. कित्येक वर्षांत दुसरं नाव तोंडात आलंच नव्हतं. पुन्हा ओरडला, पुन्हा रत्नधर. राणी म्हणाली, "अहो, एकदा तरी तिचं नाव घ्या हो!" राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग तिसऱ्यांदा तो ओरडला,

"शेवंते! ए शेवंते!"

सगळा डोंगर गप्प. एकाही पोरानं ओ दिली नाही. आणि मग कड्याच्या बाजूनं बारीकसा आवाज आला, "ओ, बाबा!"

राजा हाक मारत राहिला, आणि शेवंती त्या हाकेच्या मागोमाग धुक्यातून चालत आली, काखेत करडू घेऊन. राजानं तिला पोटाशी धरलं आणि लहान पोरासारखा रडला.

मग राजानं तिन्ही हुकूम मोडले. सगळ्या आत्यांनी सगळ्या पोरांच्या कानात खरी नावं सांगून ठेवली होतीच, ती आता मोठ्यानं सांगितली. त्या संध्याकाळी गावभर हाका उठल्या. राजा शेवंतीला मांडीवर घेऊन सज्जात ऐकत बसला. त्याचं नाव एकदाही आलं नाही, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. सगळी सुखानं राहिली.

झाली गोष्ट. झोपा आता.

काय गं? माझ्या आत्यानं काय ठेवलं होतं? चंपा. चंपे म्हणायची मला. ती गेली, आई गेली, मैत्रिणी गेल्या. आता सगळ्यांची मी आजी, नाहीतर काकू. त्या नावानं मला हाक मारून किती वर्षं झाली, देव जाणे.

बरं, मार हाक. एकदाच हं.

ओ!

ओ गं माझ्या बाई. चला, मिटा डोळे.