साधारण जुळलेलं लग्न

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. दुसऱ्याचं नाव कशाला घेऊ, तो मीच, मधुकर. कॉम्प्युटर मला शिकवला विश्वासदादाने. दादा माझा चुलतभाऊ, बिनलग्नाचा. तो सांगेल ते मी तस्संच करायचो.

माझं लग्न ठरलं वृषालीशी. पोरगी मला भारी आवडली होती हो! तिचे वडील गणपतराव म्हणाले, "जावईबापू, साखरपुड्याच्या स्वयंपाकाचा हिशोब तुमच्या कॉम्प्युटरवर करा. फजिती झाली तर मुलगी मिळायची नाही."

दादा म्हणाला, "अपूर्णांकांची कटकट नको. पूर्ण आकडे ठेव."

"बरं," म्हटलं.

एका पानाला मीठ लागतं चिमूटभर. त्याचा पूर्ण आकडा केला, शून्य चमचे. शून्याला सगळ्या पानांनी गुणलं. आमटी अळणी!

"अरे शहाण्या, मधेच पूर्ण आकडा करायचा नसतो," दादा म्हणाला. "शेवटी करायचा, एकदाच. आणि बरोबर अर्धा आला, तर जवळच्या सम आकड्याकडे जायचं. कॉम्प्युटरची रीत आहे ती."

"बरं," म्हटलं.

मग बस्त्याला तालुक्याला जायचं होतं. माणसं मोजली, जिपा लागत होत्या अडीच. अडीचच्या शेजारी दोन आणि तीन. सम कोण? दोन! दोनच जिपा सांगितल्या. वृषालीची आत्या आणि आणखी चारजणी फाट्यावर उन्हात बसून राहिल्या. गणपतराव म्हणाले, "आता एक जरी चूक झाली, तर लग्न मोडलं समजा."

मी घाबरलो. कॉम्प्युटरला सोपं विचारलं, एक दशांश अधिक दोन दशांश म्हणजे तीन दशांश का? तो म्हणाला, नाही. मला रडूच आलं.

दादाने कपाळाला हात लावला. "अरे, कॉम्प्युटरमधे दशांश नेमका बसत नाही. तिळाएवढा फरक राहतोच. म्हणून 'अगदी तेवढंच का' असं विचारू नये. फरक बारीक असला की जुळलं म्हणावं."

"बरं," म्हटलं.

लग्नाचा दिवस उजाडला. कार्यालयात खाली आमचं लग्न, वर दुसरं. आमचा मुहूर्त बारा बत्तीसचा, वरचा बारा पस्तीसचा. फरक बारीक! मी वर गेलो. त्यांचा नवरदेव अजून मारुतीच्या देवळात होता.

भटजींनी माझ्या मुंडावळ्यांखाली डोकावत विचारलं, "सुधाकरराव ना?"

मी मधुकर. म्हटलं, "हो, हो."

अंतरपाट दूर झाला. मुलगी किंचाळली, "अगंबाई, हा कोण?"

"साधारण तोच," मी म्हटलं.

तिच्या मामांनी मला खाली पोचवलं. मधे जिना होता, पण पाय फारसे टेकले नाहीत.

खाली अक्षता पडत होत्या. वृषालीच्या गळ्यात हार होता. समोर उभा दादा, त्याच्याही गळ्यात हार.

"काय करणार?" गणपतराव म्हणाले. "मुहूर्त टळत होता, तुम्ही सापडेनात. आडनाव तेच, उंची तेवढीच. मुलीला विचारलं, ती तर लगेच हो म्हणाली."

मी लहान पोरासारखा रडलो. वृषालीने रुमाल पुढे केला. "रडू नका, भावोजी."

मी डोळे पुसले आणि हिशोब केला. घर आमचंच, आडनाव आमचंच, फक्त बायकोच्या जागी वहिनी.

म्हटलं, फरक बारीक आहे. जुळलं!