माझे सोडून

“आणि?” बिबीने विचारलं.

“आणि काही नाही. दोन तरसं, एक साळिंदर, मुंगसाची जोडी. झालं.”

“आणि?”

“सांगितलं नं, बिबी. झालं.”

नुकतं उजाडत होतं. दोघं स्वयंपाकाच्या शेडपाशी, वाळूच्या वाटेच्या कडेला गवतात उभी होती. वाटेवर अजून कोणी पाय ठेवला नव्हता. ठेवायचा नसतोच.

जागा आफ्रिकेतल्या एका अभयारण्यातली. पाहुण्यांच्या मुक्कामाच्या सहा गोल झोपड्या, एक शेड, पाण्याची टाकी. कुंपण नाही. नवा माणूस आला की पहिलं हेच विचारतो, कुंपण कुठे आहे म्हणून.

बिबी म्हणते, “वाळू आहे ना.”

शेडपासून सहाव्या झोपडीपर्यंत वाळूची एकच वाट. रोज सूर्य बुडायच्या आत ती खराट्याने झाडायची. मग सगळ्यांनी आत जाऊन कड्या घालायच्या. सकाळी बिबी ती वाट वाचते. रात्री कोण आलं, कुठून आलं, परत गेलं की नाही. वाचून झालं की शेडला टांगलेल्या लोखंडी पट्टीवर तीन ठोके देते. मगच बाकीच्यांची दारं उघडतात. मॅनेजरकडे बंदूक आहे. तोसुद्धा ठोक्यांची वाट बघत आत गपगुमान बसतो.

बिबी म्हणजे तिकडे आजी. हिचं नाव मवाजुमा. तीस वर्षं एका कच्छी दुकानदाराच्या घरी भांडी घासली, म्हणून हिंदी येतं. पुढे इथे आली. कागदावर ती झाडूवाली आहे. कागदाला काय कळतं?

समोर उभा होता तो शालिक नन्नावरे, चंद्रपूरकडचा. बावीस वर्षं त्याने ताडोब्यात लोकांना वाघ दाखवले. नागपूरच्या सहलीवाल्या मालकाने त्याला दहा दिवस आधी इथे पाठवलं होतं. आज दुपारी नागपूरची पंधरा माणसं यायची होती. त्यांना शालिकने पायी जंगल दाखवायचं होतं. बिबी हो म्हणाली तर वर्षातले सहा महिने हे काम त्याचं. नाही म्हणाली तर आल्या वाटेने परत. गावात सगळ्यांना सांगून आला होता बिचारा. बिचारा कसला? छाती फुगवून सांगून आला होता.

दोघं मोडक्या हिंदीत बोलायची. इथे मराठीत लिहिलं आहे, पण बोलणं त्यांचंच.

“दहा दिवस झाले,” शालिक म्हणाला. “मी शिकाले आलो. तुम्ही हातात खराटा देला. रोज संध्याकाळी झाडा आन रोज सकाळी आणि, आणि, आणि! तिकडं लोक मले वाघाचा मामा म्हणते, बिबी.”

“पुढचं तरस कोणतं?”

“मादी. मागच्या उजव्या पायानं लंगडते.”

“साळिंदर आधी गेलं की तरस?”

“साळिंदर. त्याच्या काट्यांच्या रेघेवर तरसाचा पाय पडला. हे पहा.”

“बरोबर, उस्ताद.”

उस्ताद ती टोचायला म्हणायची. याला ते कळत नव्हतं. हा खूश व्हायचा.

“मग? नेऊ पंधरा माणसं?”

बिबीने हातातली काडी पुढे केली. “हे कोणाचे?”

वाटेच्या मधोमध, शेडपासून पार सहाव्या झोपडीपर्यंत, बुटांची सरळ रांग गेली होती.

शालिक हसला. “हे तं माझेच. काल झाडत झाडत माझ्या झोपडीवर गेलो नं. माझे सोडून सांगतो मी.”

“माझे सोडून…” बिबी हळूच म्हणाली.

आमच्याकडे सहा वर्षांची पोर खराटा धरते तीसुद्धा मागे मागे सरकत अंगण झाडते. आपलं पाऊल आपणच पुसत जाते. तिला कोणी शिकवत नाही. शालिकने जन्मात खराटा धरला नव्हता. घरात आई होती, मग बायको होती, मग सून आली. तो समोर बघत झाडायचा आणि झाडलेल्या वाळूवर बूट उमटवत पुढे जायचा. नांगर धरल्यासारखा. आणि बिबीने एका शब्दाने त्याला टोकलं नव्हतं.

“बूट काढ,” ती म्हणाली.

“काहून?”

“काढ.”

त्याने उजवा बूट काढला. कोरा होता, मालकाने घेऊन दिलेला. बिबीने त्याचा तळ शालिकच्या तोंडासमोर धरला.

“रेघा मोज.”

“अकरा.”

“आता वाळूतल्या मोज.”

शालिक कुरकुरत उकिडवा बसला. पहिल्याच ठशात बघितलं. टाचेला चार रेघा होत्या. पुढे…

“पुढच्या वाऱ्यानं बुजल्या.”

“रात्री वारा होता?”

नव्हता. पानही हललं नव्हतं.

तो वाकला. आणखी वाकला. नाक वाळूला टेकेल इतका वाकला.

बुटाच्या ठशात, चवड्याच्या जागी, एक गादी होती. तिच्यापुढे चार गोल बोटं. नखं नव्हती.

बिबट्या.

शालिक गुडघ्यांवरच सरकत दुसऱ्या ठशापाशी गेला. त्यातही तेच. तिसऱ्यात तेच. डावा, उजवा, डावा, उजवा. एकही पाऊल बुटाबाहेर नव्हतं.

“बिबट्या असा चालत नाही,” तो म्हणाला.

“नाही चालत.”

“माणसाच्या ढांगेनं चालाचं म्हटलं तं त्याले हरेक पावलाले अंग चोरावं लागते. असं कोणी काहून चालंल, बिबी?”

बिबी काडीने पुढचे ठसे दाखवत राहिली.

“कव्हापासून?”

“पहिल्या दिवशी टाकीपर्यंत आला. मग पहिल्या झोपडीपर्यंत. मग दुसऱ्या. दोन दिवस तिथेच थांबला. तुला सर्दी झाली होती तेव्हा. रात्रभर खोकत होतास.”

शालिकच्या मानेवर काटा आला. तो दिसला, इतका आला.

“आन तुम्ही सांगितलं नाही?”

“रोज विचारलं.”

…

दोघं गवतातून सहाव्या झोपडीकडे निघाली. शालिकचा एक पाय बुटात, एक उघडा. बुटांची रांग शेजारून चालली होती, आणि बुटांच्या आत तो.

झोपडीच्या पायरीवर धूळ होती. त्या धुळीत कोणीतरी बसल्याची खूण होती. ओझरती नाही. बराच वेळ बसल्याची. बाजूला शेपटीने पुसलेला अर्धा गोल. ओळखीच्या घरी कुत्रं दार उघडायची वाट बघत बसतं ना, तसं.

दाराला आतून कडी होती. शालिकनेच घातलेली. दाराच्या आत दोन हातांवर त्याची खाट.

त्याने पायरीची एक बाजू बघितली. दुसरी बघितली. वाटेवर पुन्हा नजर फिरवली.

“परत गेल्याच्या खुणा नाहीत.”

“नाहीत.”

“छपरावर…?”

“गवताचं छप्पर आहे. आवाज झाला असता. तू सकाळी बाहेर कसा आलास?”

“मागच्या दारानं. वाट मोडाची नाही म्हणून. तिकडच्या दगडांवरून.”

“दगडावर पाऊल उमटतं?”

“नाही.”

“दगड कुठपर्यंत आहेत?”

शालिकला सांगायची गरज नव्हती. रोज तो त्याच दगडांवरून यायचा. दगड शेडपर्यंत होते. मघाशी दोघं उभी होती, तिथे येऊन संपत होते.



टाकीपाशी गिनी कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. पायरीच्या कडेला कालचा खराटा पडला होता. शालिकची नजर त्यावर गेली. मग त्याने दुसरा बूटही काढला. खराटा उचलला. कमरेत वाकला आणि पायरीपासून झाडायला लागला.

मागे मागे सरकत.

एक बूट गेला. दुसरा गेला. त्यांच्या आतली बोटं गेली. त्याची स्वतःची उघडी पावलंसुद्धा उमटायची आणि लगेच पुसली जायची. बिबी काठाकाठाने बरोबर चालत होती. 

तिसऱ्या झोपडीपाशी शालिकचे हात थबकले. त्याच्या ध्यानात आलं. तोंड सहाव्या झोपडीकडे होतं, पाठ शेडकडे, जिथे दगड संपत होते.

बिबीकडे त्याने बघितलं. ती वाळूकडे बघत होती.

वळून बघायचं तर वाळूत पाय फिरवावा लागतो.

कपाळावरचा घाम त्याने दंडाला पुसला. पुन्हा वाकला. झाडत राहिला. आता आधीपेक्षा सावकाश. दुसरी झोपडी. पहिली. टाकी. खराट्याचा आवाज तेवढा येत होता.

शेडपाशी आल्यावर तो उभा राहिला. समोर सबंध वाट पसरली होती, परातीत पीठ सपाट करून ठेवावं तशी. तिच्यावर तरस नव्हतं, साळिंदर नव्हतं. शालिकही कुठेच नव्हता. दहा दिवसांत पहिल्यांदा.

“बिबी,” तो म्हणाला.  आवाजात वाघाचा मामा वगैरे काही उरलं नव्हतं. “दुपारी लोकं येतीन. नेऊ का नको, तुम्ही सांगा. नको म्हटलं तं मी आजच परत जातो.”

“किती जण?”

“पंधरा.”

“आणि?”

या खेपेला त्याने घाई केली नाही. वाळूकडे बघितलं. मग आपल्या उघड्या पायांकडे.

“आणि मी.”

बिबीने होकाराची मान हलवली. दहा दिवसांत एकदाही हलवली नव्हती. ठोके द्यायला तिने लोखंडी पट्टीकडे हात नेला.

हात अर्ध्यावरच राहिला.

टाकीपाशी गिनी कोंबड्या गप्प झाल्या होत्या. सगळ्या एकदम.

बिबी शालिकच्या खांद्यावरून मागे, दगडांकडे बघत होती.

“आणि?”